व्हॅल्साल्वा सायनस फुटल्यास: जांघेतून छत्री की छाती उघडून शस्त्रक्रिया?

टू डी इकोच्या रिपोर्टवर ‘आरएसओव्ही’ किंवा ‘रप्चर्ड सायनस ऑफ व्हॅल्साल्वा’ असं लिहून आलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘फुटलं म्हणजे हृदय फुटलं का?’ नाही, हृदय फुटलेलं नाही. महाधमनीच्या मुळाशी असलेल्या एका कमकुवत पिशवीला भोक पडलं आहे आणि महाधमनीतलं रक्त हृदयाच्याच दुसऱ्या कप्प्यात गळतं आहे. हे भोक बंद करावंच लागतं, गोळ्यांनी ते बुजत नाही. बंद करण्याचे मार्ग दोन आहेत. एक, जांघेतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन छत्रीसारखं उपकरण बसवणं. दुसरा, छाती उघडून शस्त्रक्रिया. कोणाला कोणता मार्ग योग्य, हे ठरवताना हृदयरोगतज्ज्ञ काय पाहतात आणि तुम्ही त्यांना काय विचारायला हवं, ते या लेखात सांगतो.

नेमकं बिघडतं काय?

हृदयाच्या डाव्या बाजूने शुद्ध रक्त महाधमनीत जातं. तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते आणि प्रत्येक पाकळीच्या मागे महाधमनीची भिंत थोडी बाहेर फुगलेली असते. हे तीन फुगवटे म्हणजे सायनस. अँटोनिओ व्हॅल्साल्वा या इटालियन शरीररचनातज्ज्ञाचं नाव त्यांना मिळालं आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या दोन्ही करोनरी धमन्या यांतल्या दोन सायनसमधून निघतात. हा मुद्दा पुढे उपचार निवडताना महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

काही लोकांत जन्मापासून एका सायनसच्या भिंतीत मधला लवचीक थर पुरेसा तयार झालेला नसतो. महाधमनीचा दाब दिवसरात्र त्या जागेवर पडत राहतो आणि वर्षानुवर्षं ती जागा हळूहळू ताणली जाऊन बोटासारखी बाहेर येते. बहुतेकदा हे उजव्या सायनसमध्ये होतं, त्याखालोखाल ज्या सायनसमधून करोनरी धमनी निघत नाही त्यात. डाव्या सायनसमध्ये ते फार क्वचित दिसतं. ही पिशवी फुटेपर्यंत बहुधा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे दोष जन्मजात असूनही तो साधारण विशी ते चाळिशीत उघड होतो. पुरुषांमध्ये तो स्त्रियांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि युरोप-अमेरिकेपेक्षा आपल्याकडे, म्हणजे आशियात, अधिक दिसतो. तरीही एकूणात हा दुर्मीळच आजार आहे. माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला आयुष्यभरात असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटतात.

पिशवी फुटते ती बहुतेक वेळा हृदयाच्या उजव्या खालच्या किंवा उजव्या वरच्या कप्प्यात. महाधमनीत दाब साधारण १२०/८० असतो. उजव्या खालच्या कप्प्यात आकुंचनाच्या वेळी तो २५ च्या आसपास आणि वरच्या कप्प्यात त्याहूनही बराच कमी. म्हणजे हृदय आकुंचन पावो की शिथिल होवो, महाधमनीतला दाब नेहमीच जास्त. त्यामुळे गळती प्रत्येक ठोक्याला, अखंड चालू राहते. शरीराकडे जायचं रक्त पुन्हा फुफ्फुसांकडे वळतं, फुफ्फुसांत रक्त साचतं आणि हृदयाला तेच काम दुप्पट करावं लागतं.

संशय केव्हा घ्यावा?

काहींना एका क्षणी छातीत जोराची कळ येते आणि त्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत दम लागू लागतो. जड वजन उचलताना, होडी ओढताना किंवा जिना चढताना अशी सुरुवात झाल्याचं काही रुग्ण सांगतात. पण अनेकांना अशी एखादी ठळक घटना आठवतच नाही. भोक लहान असेल, तर आठवडे-महिने हळूहळू दम वाढतो, पायांवर सूज येते, रात्री आडवं झालं की गुदमरतं, उशा वाढवाव्या लागतात, छातीत धडधड जाणवते.

अशा वेळी आधी ॲसिडिटीची गोळी होते, मग दम्याचा पंप. ईसीजी काढला तरी त्यात फारसं काही दिसेलच असं नाही. म्हणून दोन साध्या खुणा सांगतो. पहिली खूण रक्तदाबाची. वरचा आकडा ठीक किंवा थोडा जास्त, पण खालचा आकडा ५० किंवा त्याच्याही खाली, म्हणजे समजा १३०/४५, आणि नाडी उसळी मारल्यासारखी लागते. दुसरी खूण स्टेथोस्कोपची. छातीवर थांबून थांबून नव्हे, तर यंत्र चालू असल्यासारखी सलग घरघर ऐकू येते. तरुण माणसाला नव्याने दम लागत असेल आणि यातलं काही आढळलं, तर डॉक्टर तुम्हाला इकोसाठी पाठवतील. तो टाळू नका.

अचानक तीव्र छातीदुखी, घाम, चक्कर, बसल्या जागी दम असं असेल, तर हा लेख वाचत बसू नका. आधी जवळच्या रुग्णालयात जा.

फुटल्यानंतर उपचार न केल्यास हृदय थकत जातं आणि बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावतात. लघवी वाढवणाऱ्या व इतर गोळ्यांनी सूज आणि दम कमी होतो, माणसाला बरं वाटू लागतं आणि इथेच घरचे फसतात. गोळ्या हृदयावरचा ताण काही काळ हलका करतात, भोक तसंच असतं.

कॅथेटरने बंद करणं

हृदयरोगतज्ज्ञ हे काम कॅथलॅबमध्ये, एक्स-रेच्या पडद्यावर आणि इकोवर एकाच वेळी पाहत करतात. घशातून अन्ननलिकेत नळी घालून केलेला इको बराच स्पष्ट दिसतो. तो वापरायचा असेल, तर रुग्णाला झोपवलं जातं.

जांघेत दोन सुया लागतात, एक धमनीत आणि एक शिरेत. धमनीतून बारीक तार महाधमनीपर्यंत वर नेतात, तिथून फुटलेल्या पिशवीच्या भोकातून हृदयाच्या उजव्या बाजूला उतरवतात. शिरेतून वर नेलेल्या फासाने त्या तारेचं टोक पकडून ते जांघेतून बाहेर काढतात. आता एका जांघेतून आत, भोकातून आरपार आणि शिरेतून बाहेर असा सलग मार्ग तयार होतो. या मार्गावरून शिरेच्या बाजूने जाड नळी नेऊन तिच्यातून दुमडलेलं उपकरण सरकवतात. त्याची रुंद चकती महाधमनीच्या बाजूला उघडते, मग हलकेच मागे ओढून उरलेला भाग भोकात बसवतात. उपकरण निकेल-टायटॅनियमच्या तारेचं विणलेलं असतं, आत कापडाचा थर असतो. काही महिन्यांत त्यावर शरीराचंच आवरण चढतं.

उपकरण सोडून देण्याआधीची काही मिनिटं सर्वांत महत्त्वाची असतात. तेव्हा ते तारेला जोडलेलंच असतं आणि परत ओढून घेता येतं. गळती थांबली का, महाधमनीची झडप आता गळू लागली का, करोनरी धमनीच्या तोंडावर काही दाब येतो का, हे तिन्ही तपासून मगच ते सोडतात. एखादी गोष्ट खटकली तर उपकरण काढून घेऊन रुग्णाला शस्त्रक्रियेकडे पाठवतात. असं झालं म्हणजे डॉक्टर हरले असं समजू नका. योग्य वेळी थांबणं हाही त्या कौशल्याचाच भाग आहे.

हा मार्ग तसा नवा. छाती उघडून दुरुस्ती १९५० च्या दशकापासून होत आली आहे. कॅथेटरने पहिल्यांदा भोक बंद केल्याचा अहवाल लंडनमधून १९९४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या जवळचं उदाहरण परळच्या केईएम रुग्णालयाचं. तिथल्या हृदयरोग विभागातले डॉ. प्रफुल्ल केरकर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांवर छत्री बसवल्याचे तत्काळचे आणि पुढच्या काही काळातले निकाल २०१० मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’ या मान्यवर नियतकालिकात मांडले. त्यांनी वापरलेलं उपकरण मुळात वेगळ्याच दोषासाठी बनवलेलं होतं. जन्मानंतर बंद व्हायला हवी ती ‘डक्टस’ नावाची नळी उघडी राहिली, तर ती बुजवण्याचं. फुटलेली पिशवीही आकाराने तशीच, एका बाजूला रुंद आणि टोकाला निमुळती, म्हणून ते चपखल बसतं. तेव्हा तुमच्या कागदांवर ‘पीडीए डिव्हाइस’ असं दिसलं तर चुकीचं उपकरण लिहिलंय असं समजून घाबरू नका.

फायदे उघड आहेत. छातीवर टाका नाही, हार्ट-लंग मशीन नाही, रक्त चढवावं लागण्याची शक्यता कमी आणि सगळं सुरळीत असेल तर दोन-तीन दिवसांत घरी. तोटेही ऐका. थोडी गळती उरू शकते. उरलेल्या बारीक फटीतून रक्त जोराने घासून गेलं, तर लाल पेशी फुटतात आणि लघवी लालसर किंवा चहासारखी होते. उपकरण जागेवरून सरकलं तर ते फासाने किंवा शस्त्रक्रियेने काढावं लागतं. झडपेची गळती नव्याने सुरू होऊ शकते. या गोष्टी क्वचित घडतात, पण घडतात.

शस्त्रक्रिया

इथे छातीचं मधलं हाड उघडून, हृदय काही काळ थांबवून आणि रक्ताभिसरण मशीनवर ठेवून काम होतं. सर्जन महाधमनी किंवा जिथे पिशवी फुटली तो कप्पा उघडतात, बऱ्याचदा दोन्ही. लोंबणारी कमकुवत पिशवी कापून काढतात आणि त्या जागी पॅच शिवतात. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेचे निकाल खूप चांगले आहेत आणि दशकानुदशकं टिकलेले आहेत. शस्त्रक्रियेची खरी ताकद अशी की सर्जनला सगळं समोर दिसतं आणि सोबतचे दोषही त्याच वेळी दुरुस्त करता येतात.

त्याची किंमत म्हणजे काही दिवस आयसीयू, साधारण आठवडाभर रुग्णालय आणि हाड पूर्ण जुळायला दोन-तीन महिने. रक्तस्राव, जखमेचा संसर्ग, पक्षाघात, हृदयाच्या विद्युतवाहिनीला धक्का लागून पेसमेकरची गरज असे धोके असतात. निरोगी तरुण रुग्णात त्यांचं प्रमाण कमी असतं.

मग निवड कशावर ठरते?

बहुतेक कुटुंबं माझ्याकडे येतात ती आधीच ठरवून. ‘डॉक्टर, बिनटाक्याचं होत असेल तर तेच करू.’ इच्छा समजण्यासारखी आहे. पण निवड तुमच्या किंवा माझ्या आवडीवर नाही, त्या पिशवीच्या शेजारी काय आहे यावर अवलंबून असते.

पहिला प्रश्न: सोबत दुसरं भोक आहे का? या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यालाही जन्मजात भोक असतं. डॉक्टर त्याला व्हीएसडी म्हणतात. ते अगदी महाधमनीच्या झडपेखाली असेल, तर झडपेच्या पाकळीला खालून आधार राहत नाही, ती त्या भोकात खाली ओढली जाते आणि गळू लागते. अशा रुग्णाला नुसती छत्री बसवून मूळ दुखणं तसंच राहतं. तिथे शस्त्रक्रियाच योग्य. पुष्कळदा फुटलेल्या पिशवीचा जोराचा प्रवाह शेजारचं भोक झाकून टाकतो आणि ते साध्या इकोत निसटतं, म्हणून अन्ननलिकेतला इको किंवा सीटी अँजिओ सांगितला तर ‘पुन्हा कशाला खर्च’ म्हणू नका.

दुसरा प्रश्न: महाधमनीची झडप किती गळते? किरकोळ गळती असेल तर छत्रीचा विचार होतो. मध्यम किंवा जास्त असेल, तर झडप दुरुस्त करावी किंवा बदलावी लागेल आणि ते काम सर्जनचं.

तिसरा प्रश्न जागेचा आणि आकाराचा. भोक एकच, मध्यम आकाराचं, करोनरी धमनीच्या तोंडापासून आणि झडपेपासून पुरेसं दूर असेल, तर कॅथेटरने चांगलं काम होतं. भोक फार मोठं असेल, अनेक असतील, करोनरीला लागून असेल किंवा पिशवी डाव्या बाजूला फुटली असेल, तर शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित. आणि हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग झालेला असेल, तर त्या जागी धातूचं उपकरण ठेवणं धोक्याचं. आधी अँटिबायोटिक आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया.

थोडक्यात, भोक एकटंच असेल तर कॅथेटर हा उत्तम पर्याय आहे, सोबत इतर बिघाड असतील तर शस्त्रक्रिया. मधल्या सीमेवरच्या रुग्णांबाबत हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून निर्णय घ्यायला हवा. म्हणून माझा आग्रह असा की जिथे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत अशाच रुग्णालयात जा. कॅथलॅबमध्ये काही बिघडलं तर सर्जन त्याच इमारतीत हवा.

झडप बदलायची ठरली तर आणखी एक निर्णय असतो आणि तो तुमच्या जगण्याशी थेट जोडलेला आहे. धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर रोज घ्यावी लागते आणि ठरावीक काळाने आयएनआर ही रक्ततपासणी करावी लागते. समजा घिवलीचा तिशीतला खलाशी आहे. बोट खोल समुद्रात गेली की बरेच दिवस किनारा नाही, हाताला गळ-दोरीच्या जखमा नेहमीच्या. त्याच्यासाठी ही गोळी म्हणजे रोजची जोखीम आहे. मूल हवं असलेल्या तरुणीसाठी हीच गोळी गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते. जैविक झडपेला ही गोळी कायम लागत नाही, पण ती काही वर्षांनी झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागते. शक्य असेल तिथे स्वतःची झडप दुरुस्त करून ठेवणं सर्वांत चांगलं. तुमचा व्यवसाय आणि घरची परिस्थिती सर्जनला आधीच सांगा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.

पिशवी आहे पण फुटलेली नाही, असं दुसऱ्याच कारणाने केलेल्या इकोत सापडलं तर? लहान असेल आणि त्रास नसेल तर ठरावीक काळाने इको करून लक्ष ठेवतात. वाढत असेल, झडपेला किंवा करोनरीला दाबत असेल, तर फुटण्याआधीच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

घिवली-बोईसरकडून जाताना

आपल्या भागात निदानाची पहिली पायरी, म्हणजे टू डी इको, बोईसर-पालघरला होऊ शकतो. पुढच्या उपचारासाठी मात्र मुंबई गाठावी लागते. रुग्णाला बसल्या जागी दम असेल तर लोकलच्या गर्दीत नेऊ नका, रुग्णवाहिका करा. स्थिर असेल आणि परळला जायचं असेल, तर बोईसरहून दादर किंवा प्रभादेवीपर्यंत रेल्वे सोयीची. इकोचा कागदच नव्हे तर सीडी किंवा पेनड्राइव्हही सोबत घ्या, कारण तिथल्या तज्ज्ञांना हलतं चित्र पाहायचं असतं. चालू गोळ्यांची यादी आणि जुने ईसीजीही ठेवा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा आणि तुमच्या डॉक्टरने सुचवलेली नेमकी प्रक्रिया यादीत बसते का, उपकरणाची किंमत त्यात धरली आहे का, हे विचारा. आधी पैसे भरून मागाहून परत मिळतील असं गृहीत धरू नका. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी ईएसआयसीचं कार्ड चालू आहे का ते पाहा. मूल १८ वर्षांच्या आतलं असेल, तर शाळा-अंगणवाडीत तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा.

एक विचारणा किनाऱ्यावरच्या गावांत हमखास होते. ‘आता हंगाम चालू आहे, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा करू का?’ न फुटलेल्या पिशवीबाबत तज्ज्ञांना विचारून असं ठरवता येईल. फुटलेल्याबाबत नाही. हृदय जितकं जास्त थकेल, तितका दोन्ही उपचारांचा धोका वाढतो आणि नंतर ते पूर्ण सावरेलच याची खात्री उरत नाही.

घरी आल्यावर

छत्री बसवल्यावर साधारण सहा महिने ॲस्पिरिनसारखी गोळी देतात. ती स्वतःहून बंद करू नका. जांघेतली जागा भरेपर्यंत आठवडाभर उकिडवं बसणं, वजन उचलणं टाळा. जड कामाला, जाळी ओढायला केव्हा परतायचं ते पहिल्या इकोनंतर हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दोन्ही हातांनी जोर लागेल असं काहीही नको, मोटरसायकलही नको.

दात काढायचा असेल किंवा हिरड्यांवर उपचार असतील, तर दाताच्या डॉक्टरला हृदयात उपकरण, पॅच किंवा झडप असल्याचं आधी सांगा. पहिले सहा महिने, आणि कृत्रिम झडप असेल किंवा गळती उरली असेल तर त्यानंतरही, अशा उपचाराआधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. रोज दोनदा दात घासा, मिश्री-तंबाखू सोडा.

लघवी लाल किंवा काळपट झाली, पुन्हा दम लागू लागला, भोवळ आली किंवा चार-पाच दिवस ताप उतरत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा तापात मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. त्याने संसर्ग दबतो, रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि नेमकं औषध ठरवणं अवघड होऊन बसतं. आधी रक्त तपासणीला द्या, मग औषध. इकोच्या तारखा साधारणपणे एक महिना, सहा महिने, एक वर्ष आणि त्यानंतर वर्षातून एकदा अशा असतात. सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि उपकरणासोबत मिळालेलं कार्ड पाकिटात ठेवा. त्यावर उपकरणाचं नाव व आकार असतो आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर तिथले डॉक्टर तेच पहिल्यांदा मागतील.